मंदारला वाईन टूर हवी होती

मंदारचा मेसेज मार्चच्या शेवटी आला. आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या जोडून चार दिवस येतोय, बीच नको, बीच बघून बघून कंटाळा आलाय, गेल्या वर्षी नाशिकला वायनरी टूर केली, द्राक्षांचे मळे, टेस्टिंग, बाजूचं जुनं गाव, सगळं कसं मस्त झालं, तसं काही गोव्यात आहे का रे. मी ऑफिसात होतो, लगेच लिहून टाकलं की बाबा गोव्यात द्राक्षाचे मळे नाहीत, इथली गोड पोर्ट वाईन लोक पेट्या भरभरून नेतात खरं पण मळा दाखव म्हटलंस तर मी काय दाखवणार. आणि मग दुपारी डबा खाताना डोक्यात आलं, अरे, एप्रिल आहे ना! एप्रिलात सत्तरीत शिरलं की गाडीच्या काचा बंद असल्या तरी बोंडवांचा, म्हणजे काजूच्या फळांचा, वास आत येतो. मी परत मेसेज केला, ये, वाईन टूर आहे, फक्त द्राक्षं नाहीत.

आता सत्तरी म्हणजे काय हे पुण्याच्या माणसाला सांगायला लागतं. खरं तर पणजीच्या बऱ्याच लोकांनाही सांगायला लागतं, कारण त्यांच्या लेखी ते फक्त चोर्लेघाटाने बेळगावला जाताना लागणारं जंगल आहे. सत्तर गावांचा मुलूख म्हणून सत्तरी, तालुक्याचं ठिकाण वाळपई, पणजीपासून पन्नासेक किलोमीटर. माझी आते होंड्याला असते, तिचं आजोळ नगरगावच्या बाजूचं, त्यामुळे गाईड फुकटात मिळणार होती. फोन केला तर म्हणाली, "ये, पण लवकर ये. अकरा वाजता येऊन ऊन ऊन म्हणून बोंबलू नको."

शनिवारी साडेसहाला निघालो. दोन गाड्या, मी, बायको, मुलगी, आणि मागे मंदार, त्याची बायको आणि नऊ वर्षांचा अर्णव. मी मुद्दाम करमळीवरून घेतलं. कोकण रेल्वेने येणाऱ्या लोकांना करमळी स्टेशन माहीत असतं, जुन्या गोव्याचं स्टेशन, पण त्याच्या बाजूचं तळं कुणी बघत नाही. हिवाळ्यात तिथे पाखरांची जत्रा असते, एप्रिलात उरलेसुरले बगळे आणि पाणकावळे. पाच मिनिटं थांबलो. मंदार म्हणाला, छान आहे, पण इथे का? म्हटलं, लक्षात ठेव फक्त, या गावचा एक देव गाव सोडून गेलाय, आपण त्याच्याकडेच चाललोय. त्याने माझ्याकडे असं बघितलं की याने सकाळी सकाळीच सुरू केली की काय.

पुढे बाणस्तारीच्या पुलावर अर्णवला मी सांगून बसलो की खाली जो दिसतोय तो कुंभारजुव्याचा कालवा, ह्याच्यात मगरी असतात. झालं. आता मगर दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. मगर काही दिसली नाही, एक लाकडाचा ओंडका दिसला, त्याचेच फोटो काढले, पुण्याला शाळेत तीच मगर असणार. माशेल, आमोण्याचा पूल, साखळी. साखळीला बाजाराजवळ एका हॉटेलात नाष्टा केला, पातळ भाजी, पाव, बन्स, मिरची आणि चहा. मंदारच्या बायकोने बन्स पहिल्यांदा खाल्ला, केळं घातलेली ही गोड पुरी तिखट भाजीबरोबर खायची ही कल्पनाच तिला पटेना, आणि मग तिने तीन खाल्ले.

साखळीला आलोच होतो म्हणून हरवळ्याला गेलो. खरं सांगायचं तर एप्रिलात हरवळ्याचा धबधबा बघायला जाऊ नका, वरून दोरीएवढं पाणी पडतं, खाली डोहात हिरवट पाणी. पावसाळ्यात जा, तेव्हा रुद्रेश्वराच्या देवळापाशी उभं राहिलं तरी तोंडावर तुषार येतात. गुंफा मात्र कधीही बघाव्यात, जांभ्या दगडात कोरलेल्या ओळीने खोल्या, आत लिंगं. लोक पांडवांच्या गुंफा म्हणतात, गोव्यात काय कोकणात काय, कुणी खोदलं ते माहीत नसलं की पांडवांच्या नावावर घालायचं. आत शिरलं की एकदम गार. मुलगी आणि अर्णव तिथेच खेळायला लागले, त्यांना बाहेर काढेपर्यंत नऊ वाजले. आतेचे दोन मिस्ड कॉल.

होंड्याला आतेला घेतलं. पुढच्या सीटवर बसली, माझ्या बायकोला मागे पाठवलं, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या, खोबरेल तेलाची एक छोटी बाटली आणि एक रिकामी कॅन. खोबरेल कशाला म्हटलं तर म्हणे, "काजूत जायचं ना? मग." यापलीकडे खुलासा नाही.

वाळपईपासून सातेक किलोमीटर आत गेलं की ब्रह्मकरमळी. नाव नीट वाचा, करमळी. सकाळी आपण तळ्यावर थांबलो ती करमळी तिसवाडीतली, जुन्या गोव्याला चिकटून. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडीतली देवळं पाडायला घेतली तेव्हा तिथल्या लोकांनी ब्रह्मदेवाची मूर्ती उचलली आणि नदी-ओहोळ ओलांडत इथे आत जंगलात आणली. सत्तरी तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हती, ती त्यांच्या हाती लागली ती थेट अठराव्या शतकात. देवाबरोबर गावाचं नावही आलं. आपण घर बदलतो तेव्हा जुनी पाटी घेऊन येतो ना, तसं. मंदारच्या बायकोचं कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा, ती लगेच म्हणाली, "म्हणजे आमच्या देवीसारखंच, ती पण मूळ केळशीची." हो, आणि मंगेश कुठ्ठाळीचा. अर्ध्या गोव्याचे देव स्थलांतरित आहेत.

देऊळ आजूबाजूच्या कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेच्या, सावलीत, शांत. आम्ही गेलो तेव्हा आम्ही सहा-सात जण सोडून कुणी नाही, एक आजोबा फुलं निवडत बसलेले. मूर्ती मी याआधी दोनदा बघितलीय तरी प्रत्येक वेळी थोडा दचकतोच, कारण आपण छोट्या मूर्तीची अपेक्षा करून वाकतो आणि समोर माणसाएवढा उभा काळ्या पाषाणातला ब्रह्मदेव. कदंबांच्या काळातलं काम. मधल्या तोंडाला दाढी, हातात पोथी आणि जपमाळ, दोन्ही बाजूंना सावित्री आणि सरस्वती. दागिन्यांवरचं काम इतकं बारीक की गळ्यातल्या हाराचे मणी मोजता येतील. मंदार कुजबुजला, ब्रह्मदेवाचं देऊळ फक्त पुष्करला असतं ना? मी म्हटलं, तो गैरसमज आहे, मोजकी आहेत पण आहेत. अर्णवने विचारलं की एवढा मोठा दगड त्या लोकांनी उचलला कसा. कुणालाच उत्तर देता आलं नाही. फुलं निवडणारे आजोबा म्हणाले, "भ्यालेलो मनीस कितेंय उखलता." घाबरलेला माणूस काहीही उचलतो. म्हटलं चला, हे ठीक आहे.

तिथून भट्टी. आतेच्या आजोळच्या नात्यातले एक काका, त्यांची काजूची बाग डोंगराच्या उतारावर, रस्ता सोडून दहा-पंधरा मिनिटं चालत. मोबाईलची रेंज केव्हाच गेलेली, मॅपने मंदारच्या गाडीला कुणाच्या तरी कुळागरात नेऊन घातलेलं, तिथल्या बाईने त्याला पाणी देऊन परत पाठवलं. चालताना पायाखाली सगळीकडे बोंडू, पिवळे, लाल, फुटलेले, मुंग्या लागलेले, आणि वास, तो वास कसा सांगू, पिकलेला पेरू आणि कच्चं केळं आणि त्यात थोडी दारू असा. काकांची सून आणि दोन बाया बोंडू गोळा करत होत्या, हातात काठी, टोकाला खिळा, खाली न वाकता टोचायचं आणि टोपलीत झटकायचं. फेणीसाठी झाडावरचं बोंडू तोडत नाहीत, आपणहून पडलेलंच घ्यायचं, पुरतं पिकलेलं. बी पिळून वेगळी करायची, ती विकायला जाते. लोकांना वाटतं काजू म्हणजे पैसाच पैसा, काकांना विचारा, बियांचा दर दरवर्षी वेगळी कहाणी सांगतो.

आणि इथे अर्णवने पराक्रम केला. सगळे बोंडू चोखून बघत होते, घसा धरतो पण गोड लागतं, तर ह्याने खालची हिरवी बी दाताने फोडायला घेतली. काजूच्या टरफलात तेल असतं आणि ते तेल म्हणजे साधं प्रकरण नाही, कातडी भाजते. पहिल्यांदा काही कळलं नाही, दहा मिनिटांनी खालचा ओठ चुरचुरायला लागला, मग लाल, मग सुजला. मंदारची बायको घाबरली, दवाखाना कुठे, दवाखाना कुठे. आतेने शांतपणे पिशवीतली खोबरेलची बाटली काढली, आधी पाण्याने खळखळून तोंड धुवायला लावलं, मग तेल लावलं, म्हणाली, "आमच्यातल्या प्रत्येक पोराने एकदा हे केलंय. दुसऱ्यांदा कुणी करत नाही." लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर हे गाडीतच सांगून ठेवा. मी विसरलो, त्यासाठी मला नंतर दोन बाजूंनी ऐकावं लागलं.

भट्टी म्हणजे गवताने शाकारलेली शेड, तीन बाजूंनी उघडी. नाशिकला स्टीलच्या टाक्या आणि काचेचे ग्लास बघून आलेल्या माणसाला इथे काय दाखवायचं हा मला थोडा प्रश्न होता, पण मंदार सरळ खाली बसला आणि तासभर उठला नाही. बोंडू कातळातल्या खळग्यात टाकून पायाने तुडवायचे, हल्ली बरेच जण मशीन वापरतात, काकांकडे दोन्ही आहे, पण मशीन त्या दिवशी बंद पडलेलं म्हणून आमचं नशीब. तुडवून उरलेला चोथा गोळा करून ढेपेसारखा रचायचा, वर वजन ठेवायचं, मग त्यातून थेंब थेंब जो रस गळतो तो नीरो. नीरो पहाटेचा प्यायचा, दुपार झाली की तो आपला मार्ग धरतो. आम्हाला दहा वाजून गेलेले तरी काकूंनी मडक्यात झाकून गार ठेवलेला, तांब्याभर दिला. गाडी चालवायची होती म्हणून माझ्या वाट्याला दिवसभरात आलेलं हे एकच पेय, पण त्याबद्दल तक्रार नाही, वर्षातून एकदाच मिळतं.

बाकीचा रस मडक्यात तीन दिवस ठेवायचा. यीस्ट नाही, साखर नाही, काही नाही, आपोआप फसफसतो. मग भाण. भाण म्हणजे ज्यात हा आंबलेला रस उकळतात ते मोठं भांडं, खाली लाकडं, तोंड बंद करायचं आणि सांधे लिंपायचे, आणि लिंपायला कसली माती, तर रोयणीची, म्हणजे वारुळाची. काकांनी ती माती हातावर मळून दाखवली, लोण्यासारखी. म्हणे दुसरी माती भेगाळते, वाफ सुटते, आणि वाफ सुटली की पैसे सुटले. नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात उतरते, त्याच्यावर काकू करवंटीच्या लांब दांड्याच्या डवल्याने गार पाणी ओतत बसलेल्या, एका लयीत, गप्पा मारता मारता, आमच्याकडे बघत, पण हात चुकत नाही. पहिल्या धारेचा जो निघतो तो हुर्राक. तोच पुन्हा नव्या रसाबरोबर भाणात घालून काढला की फेणी, तिला काजुलोही म्हणतात. हुर्राक हलका आणि नाजूक, महिना-दोन महिन्यांत त्याची चव उतरते, म्हणून तो मार्च ते मे एवढाच, आणि म्हणूनच गोंयकार त्याच्यासाठी वेडा. फेणी मात्र ठेवाल तेवढी राहते.

कडकपणा मोजायचं माप अजून पोर्तुगीज, ग्राव. हुर्राक चौदा-पंधरा ग्राव, फेणी अठरा-वीसच्या पुढे. काचेचं मीटर काकांकडे होतं, पण त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि हुर्राक उंचावरून ग्लासात ओतला, वर मण्यांसारखे बुडबुडे आले आणि कडेला माळ धरून बसले. "बरो आसा." फेणी हा शब्दच फेस म्हणजे फेन वरून आला म्हणतात, तो फेस बघितला की पटतं. मग लिंबाचा सोडा, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून मंदारच्या हातात ग्लास. वासाने नाक मुरडलं, पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, मग म्हणाला, "हे तर काहीच चढत नाही." आते म्हणाली, "उभा राहा बघू." उभा राहिला, आणि परत बसला.

इथे मंदारने आपलं वाचलेलं ज्ञान पाजळलं की काजू मूळ भारतातला नाहीच, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. काकांनी शांतपणे लाकूड पुढे सारलं. "काजू आमचेच मरे. आनी कोणाचे?" मंदार म्हणाला, नाही काका, खरंच, ब्राझील. काका म्हणाले, "हय, आयल्यात आसतले. तुमचो देवूय आयलोच न्ही?" आले असतील, पण तिकडे देवळात भेटून आलात ना तो देवही आलेलाच आहे, असं. मंदारकडे याला काही उत्तर नव्हतं, त्याने ग्लास पुढे केला.

फेणीला २००९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं, हे सगळं मी कौतुकाने सांगितलं तर काकांचा चेहरा तसाच. कागद चांगला आहे म्हणाले, पण भट्टी लावायची तर काजूच्या झोनांचा लिलाव होतो, लायसन लागतं, बोंडू गोळा करायला माणसं मिळत नाहीत, मुलगा वेर्ण्याला कंपनीत आहे. आणि वर वाघ. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटर, आणि जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायचा आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. मी स्वतः वाघाच्या बाजूचा माणूस आहे, २०२० च्या जानेवारीत गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले तेव्हा मला झोप लागली नव्हती. पण भट्टीवर बसून काकांना ते सांगताना माझा आवाज जरा खालीच आला. त्यांची भीती एवढीच की आजोबांनी लावलेली झाडं कुठल्या रेषेच्या आत येतील. माझ्याकडे याचं नीट उत्तर नाही, पणजीत बसून वाघाच्या बाजूने असणं सोपं आहे.

एक गोष्ट मात्र काकांनी पोरांना दमात सांगितली, रानात विडी-काडी पेटवायची नाही. मार्च २०२३ मध्ये इथले डोंगर दिवसचे दिवस जळत होते, रात्री वाळपईतून आगीच्या रेघा दिसायच्या. त्यामुळे कुणी फिरायला जाणार असाल तर गावातल्या माणसाला घेऊन बागेपर्यंत जा, पण अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका, आणि रिळं करायला चूल पेटवणं वगैरे प्रकार तर नकोच नको.

दुपारी जेवण काकूंकडेच झालं, ठरलेलं नव्हतं, पण सत्तरीत अकराच्या पुढे कुणाच्या घरी असलात की जेवल्याशिवाय सोडत नाहीत. उकडा भात, मुगागाठी, सोलकढी, कैरीचं करमट आणि सुकी भाजी. आते आणि काकू रणमाल्याच्या, म्हणजे इथल्या लोकनाट्याच्या, गप्पा मारत होत्या. झर्म्याचं रणमाले, शिगम्यातला, म्हणजे इथल्या होळीच्या सणातला, चोरोत्सव, माणसांना जमिनीत पुरल्याचा तो देखावा, आते लहानपणी बघून रडली होती म्हणे आणि आजीने तिला पदराखाली धरलेलं. मंदारची बायको पुढच्या वर्षी शिगम्याला यायचं म्हणायला लागली. या भागातली लोकनाट्यं, जुन्या मूर्ती, देवराया यांच्याबद्दल वाचायचं असेल तर केरीचे राजेंद्र केरकर यांचं लिखाण शोधा, मराठीत आहे, आणि ह्या माणसाने पायी फिरून लिहिलंय.

जेवल्यावर सगळ्यांना नदीत जायचं होतं. आते झाडाखाली आडवी झाली. धाव्याच्या बाजूला म्हादई एप्रिलात गुडघाभर, गोल गोल गोटे, मध्ये मध्ये डोह. पावसाळ्यात हीच नदी राफ्टिंगवाल्यांची, तेव्हा तिच्याकडे बघूनच पोटात गोळा येतो, आत्ता बायका कपडे धूत होत्या. पोरं पाण्यात बसली ती बसलीच. अर्णवचा सुजलेला ओठ पाण्यात बुडवून बुडवून तो पुन्हा पुन्हा विचारत होता, इथे मगर आहे का. नाही रे बाबा. पण दोन धनेश दिसले, नदी ओलांडून गेले, पंखांचा तो हवा कापल्यासारखा आवाज आधी येतो आणि मग पक्षी दिसतो. आणि पलीकडच्या झाडावर शेकरू, तांबूस, लांब शेपटी, मंदार ओरडला, आमचा राज्यप्राणी! म्हटलं हो, हासुद्धा आलेला असेल तुमच्याकडून.

पाण्यात पाय सोडून बसलं की म्हादईचा वाद आठवतोच. २०१८ मध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं, कळसा-भांडुरा (हे पाणी वळवायचा कर्नाटकाचा प्रकल्प) हे शब्द गोव्यात आता चौथीच्या पोरालाही पाठ आहेत. आकडा ऐकून काही कळत नाही. पण एप्रिलात ह्या पाण्यात उभं राहून बघा, पाणी पोटरीला लागतं, आणि मग विचार करा की हीच पुढे मांडवी होऊन पणजीला कॅसिनोच्या बोटींखालून जाते.

परतताना नाणूसचा किल्ला बघायचा हट्ट माझा. इतर कुणालाच नव्हता. सत्तरीच्या राण्यांपैकी दीपाजी राणेने २६ जानेवारी १८५२ ला हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि तिथून पुढे साडेतीन वर्षं त्यांना दमवलं, शेवटी १८५५ मध्ये तह करावा लागला. २६ जानेवारी! आपल्या पुस्तकात १८५७ मोठ्या अक्षरात असतं, आणि त्याच्या पाच वर्षं आधीचं हे बंड गोव्याबाहेर कुणाला माहीत नाही. पुढे कुष्टोबा राणे, दादा राणे, राण्यांची बंडं होतच राहिली. मी मोठ्या जोशात हे सांगत पुढे, मागे दमलेली दोन कुटुंबं आणि चपला हातात घेतलेली माझी बायको. वर काय, तर झाडी आणि झाडीत जांभ्या दगडांच्या भिंतीचे अवशेष. अर्णव म्हणाला, किल्ला कुठाय? म्हटलं, यावर तू उभा आहेस. तो खाली बघून म्हणाला, हा तर दगड आहे. मंदारने, हुर्राक अजून थोडा डोक्यात असावा, दगडाला हात लावून नमस्कार केला. मला त्याचं फार बरं वाटलं, मी ते बोलून दाखवलं नाही.

जाणार असाल तर दोन-चार गोष्टी. पेट्रोल साखळी-वाळपईत भरून घ्या. भट्टीवर फोनपे चालेल असं धरून चालू नका, रोख ठेवा. पांढरे कपडे नकोत, बोंडवांचा डाग जात नाही, माझ्या बायकोच्या ओढणीवर तो आता कायमचा आहे. ज्याला चालवायचंय त्याने नीरोवर समाधान मानावं, ह्या रस्त्यांना वळणं आहेत आणि वळणावर गायी आहेत. आणि ओळख नसताना कुणाच्या भट्टीत कॅमेरा घेऊन घुसू नका, लोक कामात असतात, आधी विचारा, बहुतेक वेळा बसायला पाट मिळतो.

संध्याकाळी होंड्याला आतेच्या अंगणात चहा. तिची ती रिकामी कॅन आता रिकामी नव्हती, कुणी काही विचारलं नाही. तिने पदराच्या गाठीतून मूठभर बिया काढल्या, बागेतून कधी उचलल्या देव जाणे, आणि परसात तीन दगडांवर फुटका पत्रा ठेवून त्यावर पसरल्या. सगळ्यांना लांब उभं केलं, कारण भाजताना टरफलातलं तेल उडतं आणि पेट घेतं, काळा धूर, डोळ्यात पाणी. बिया जळून कोळसा झाल्या की राखेत लोटल्या, थंड झाल्यावर एकेक दगडाने फोडायची. आत पांढरा, गरम, थोडा धुरकट काजू. पाकिटातले काजू खाल्लेल्या माणसाला हे वेगळंच फळ वाटतं.

अर्णव लांब उभा होता, ओठावर खोबरेल चकाकतंय. आतेने एक फोडून त्याच्यापुढे धरला. त्याने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग तो काजू उलटा पालटा करून वास घेऊन, सुजलेल्या ओठाला लागू नये म्हणून तोंड मोठ्ठं उघडून सरळ दाढेवर ठेवला. चावला. थोडा वेळ काहीच बोलला नाही.

"अजून किती आहेत?" त्याने विचारलं.

आते मोजायला लागली.